आपल्या घराण्याचा गोरेपणा

मुलांनो, आपलं घराणं गोरं, असं तुम्हाला व्हिडिओ कॉलवर सगळेच ऐकवतात. खरं म्हणजे आपण गोरे नव्हतो, फिके होतो. जिना चढताना धाप लागायची, तिलाही आम्ही नाजूकपणा म्हणत असू.

गेल्या वर्षी राहुरीच्या माझ्या धाकट्या दिरांनी मुलीचं लग्न तिच्या आतेभावाशी ठरवलं. मामाची मुलगी करायची आपल्याकडे रीतच आहे. गोत्र वडिलांकडून येतं, त्यामुळे आत्याचा मुलगा परगोत्री, म्हणजे परकाच. दोघांचं नाक एकच, पण नाकाचं गोत्र कुणी विचारत नाही.

मी म्हटलं, "भाऊजी, आधी दोघांचं रक्त तपासा."

"वहिनी, घरचा मुलगा आहे. त्याचं काय तपासायचं?"

"घरचा आहे म्हणूनच."

निवृत्तीनंतर दिरांनी हौसेने शेळ्या पाळल्यात. बोकड आपल्याच लेकींना लागला तर करडं कमजोर निपजतात, म्हणून ते वेळच्या वेळी घोडेगावच्या बाजारातून नवा बोकड आणतात. हे शास्त्र शेळ्यांपुरतं. जावई मात्र घरचाच हवा.

शेवटी पुतणीच त्या मुलाला घेऊन तपासणी करून आली. दोघेही थॅलेसेमियाचे वाहक निघाले. वाहकाला स्वतःला फारसा त्रास नसतो, फार तर आपल्यासारखा फिकेपणा आणि थोडी धाप. पण आईबाप दोघांकडून तोच जनुक आला, तर मुलाला जन्मभर रक्त चढवावं लागू शकतं. प्रत्येक बाळाच्या वेळी ही शक्यता चारात एक. गावात हा जनुक शोधावा लागेल, आमच्या पंगतीत वाढणाऱ्याला तो दर थोड्या पानांनंतर भेटेल. पिढ्यान् पिढ्या आम्ही तो घरातल्या घरात फिरवला, दागिन्यांहून जास्त जपला.

पुतणीने नकार दिला. मुलगा तिला मनापासून आवडत होता, तरी दिला. दीर रिपोर्ट टेबलावर आपटून म्हणाले, "या कागदासाठी लग्न मोडू?"

मग मी गुरुजींना चहाला बोलावून तोच कागद वाचून दाखवला. पत्रिका उत्तम जुळल्याचं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी ती पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "एकनाडी आहे. संततीला धोका."

लग्न त्याच संध्याकाळी मोडलं. संकट टळलं म्हणून दीर शिंगणापूरला तेल वाहून आले. पुतणी खोलीतून बाहेर आली ती दुसऱ्या दिवशी. डोळे सुजलेले होते. म्हणाली, "काकू, परदेशातल्या भावंडांनाही तपासायला सांग."

म्हणून हे लिहिलं. तुमच्यात जो सगळ्यात गोरा दिसतो, त्याने आधी जावं.