रेघेच्या उजवीकडचा निबंध

फळ्याच्या मधोमध खडूची रेघ होती. डावीकडे एक इंग्रजी निबंध, उजवीकडे दुसरा. दोन्हींचं नाव एकच: माय एम इन लाइफ. डावीकडे डॉक्टर. उजवीकडे शिवणकाम.

पेडणे तालुक्यातलं हायस्कूल, पाचवीचा वर्ग. चौथीपर्यंत आम्ही गावच्या मराठी शाळेत होतो. पाचवीला एकदम सगळं इंग्रजीत. म्हापशाच्या इंग्रजी शाळांतून आलेली मुलं पुढे बसत, आम्ही मागे. पुढच्यांनी डावीकडचा निबंध पाठ करायचा, मागच्यांनी उजवीकडचा. टीचर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या घरातली. आमचं घर त्याच भाटकाराच्या जमिनीत.

मी डावीकडचा पाठ केला. अर्थ कळत नव्हता. तो लांब होता. मला वाटलं, लांब तो चांगला.

दुसऱ्या दिवशी उभी राहून म्हणू लागले. चौथ्या ओळीला टीचरने डस्टर टेबलावर आपटला.

"तो तुजो न्हय. तुजो त्या बाजूक आसा. डॉक्टर जातलें म्हणे! मग आमच्यो काजूबियो कोण वेचतलो?"

वर्ग हसला. माझ्या बाकावरच्या मुलीही हसल्या.

इथपर्यंतचं मी अनेकांना सांगितलं आहे. पुढचं कोणालाच नाही. तिसऱ्या दिवशी मी उजवीकडचा निबंध एकही चूक न करता म्हटला. टीचर म्हणाली, "व्हेरी गुड." आणि मला आनंद झाला. खरा. घरी धावत जाऊन आईला सांगितलं.

ते हसणं आता आठवावं लागतं. तो आनंद न बोलावता येतो. गाडी चालवताना येतो, जेवताना येतो.

आज मी हरमलच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. इंग्रजी मी पाहुण्यांशी बोलून शिकले, चुकत चुकत. हॉटेलने कामगारांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला आणि शिकवायला मला सांगितलं. दुपारी, चादरी ठेवायच्या खोलीत. पहिल्या आठवड्यात चौदा जण आले. चौथ्यात तीन.

मॅनेजर डिचोलीचा. म्हणाला, "त्यांना जरा मोटिव्हेशन दे." आणि छापील कागद हातात ठेवले. प्रत्येकावर कामगाराचं नाव, खाली 'वैयक्तिक ध्येय'. ध्येय आधीच भरलेलं. वेटरना दहा वाक्यं. खोल्या झाडणाऱ्या बायकांना पाच. गुड मॉर्निंग सर. येस सर. सॉरी सर. अशीच आणखी दोन.

मी ते कागद वाटले. हेही सांगितलं पाहिजे. मी वाटले आणि दोन दिवस शिकवले. सगळ्यांना कामावरून बोलावून आणलं होतं. मी म्हणायचे, ते माझ्यामागून म्हणायचे. खोल्या झाडणारी शांतव्वा बेळगावकडची, माझ्या आईच्या वयाची. तिची पाचही वाक्यं बिनचूक आली. मी म्हटलं, "व्हेरी गुड." तिचा चेहरा उजळला.

तो आनंद मी ओळखला.

मी सगळे कागद परत घेतले. विचारलं, "तुम्हाला इंग्रजी कशाला पाहिजे? हॉटेलला नव्हे. तुम्हाला."

कोल्हापूरकडचा आचारी म्हणाला, "माझी पोरगी इंग्लिश शाळेत हाय. मला बघून हसतीया. तिला एकदा इंग्लिशमधनं झापायचंय बघा."

सगळे हसले. शांतव्वा हसली नाही.

"बाई, सहा नंबरचा मानूस रोज टावेलवर दार उघडतोय. आत ये म्हणतोय. मला येस सर तेवढं येतंय. त्याला काय म्हणायचं, ते ह्यात न्हाई की ओ."

तिच्या कागदाच्या पाठीमागे मी तिचं ध्येय लिहिलं. तिच्या शब्दांत, मराठीत. खाली तीन इंग्रजी वाक्यं, देवनागरीत: नो सर. पुट ऑन क्लोद्स. आय विल कम लेटर.

"कधीपर्यंत जमेल?" मी विचारलं.

"शुक्रवारी म्हनते."

पुढच्या वर्गाला तेरा जण आले. कोणी बोलावलं नव्हतं. प्रत्येकाने आपापलं वाक्य आणलं होतं.

शुक्रवारी शांतव्वाने सहा नंबरच्या दारात तिन्ही वाक्यं म्हटली. पाहुण्याने लेखी तक्रार केली: कर्मचारी उद्धट आहे.

मॅनेजरने आम्हा दोघींना बोलावलं.

"हे तिला कोणी शिकवलं?"

"मी."

"ह्याला ध्येय म्हणत नाहीत. आता तिला माफी शिकव. दोन वाक्यं पुरेत. उद्या मालकांसमोर म्हणेल."

शांतव्वा बादली घेऊन दारात उभी होती. तिने बादली खाली ठेवली. "मी म्हननार न्हाई," ती म्हणाली.

"मी शिकवणार नाही," मी म्हटलं.

"मग रिसेप्शनची खुर्ची तुझीच राहील, असं समजू नकोस."

मालक उद्या अकराला येतील. शांतव्वा स्वतः बोलणार आहे. मी तिच्या शेजारी उभी राहणार आहे. कोणत्या दिवशी दार कसं उघडलं, तो काय म्हणाला, ते तिने सांगितलं आणि मी वारासकट लिहून काढलं. तिची ती तीन इंग्रजी वाक्यं मी शिकवली, हेही लिहिलं. खाली तिची सही, माझी सही. नोकरी जाईल, बहुधा दोघींची. वर्ग बंद होईल. माफीचं एक अक्षर मी कोणाला शिकवणार नाही.