पायाखालची सुपारी

माघात आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते. आगरातल्या पोफळींवरून उतरवलेली सुपारी सालासकट उन्हात पसरलेली असते, चांगली महिना-दीड महिना. तिच्या कडेकडेने, भिंतीला चिकटून चालायचं, ही घराची शिस्त. सुपारी पूजेला बसते, तिला पाय लावायचा नाही. लग्न होऊन दिवेआगरला आले तेव्हा मी हे आठ दिवसांत शिकले. माझ्या मुलीला सात वर्षांत जमलं नव्हतं.

तिला बऱ्याच गोष्टी जमत नव्हत्या. एका जागी बसणं तर नाहीच. मी मिक्सर लावला की ती कान दाबून किंचाळायची आणि स्वतः दिवसभर त्या मिक्सरच्या वरताण आवाज करायची. फ्रॉकच्या गळ्याशी शिवलेली चिठ्ठी टोचते म्हणून तिने एकदा गळाच कात्रीने कापून टाकला. वेणी घालणं म्हणजे रोजची मारामारी. माणगावला एका थेरपिस्ट बाईंकडे आम्ही दर शनिवारी जायचो. त्या शांतपणे सांगायच्या, हिच्या अंगाला दाब लागतो, काहीतरी जड लागतं, ते मिळालं की ही निवते. मी मान डोलवायची आणि घरी येऊन पुन्हा ओरडायची. गावातल्या एका काकू लग्नाच्या पंगतीत म्हणाल्या होत्या, की मागचं चक्रीवादळ गेलं ते तुमच्याकडेच मुक्कामाला राहिलं वाटतं. तेव्हा मी हसले. घरी आल्यावर भांडी आदळली.

आमच्यात हंगामाचा पहिला घड देवाचा. त्याची सुपारी तुळशीपाशी वेगळ्या चटईवर वाळते आणि उत्सवाला नव्या टोपलीतून देवळात जाते. सासरे ती स्वतः पसरतात, स्वतः फिरवतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

त्या दिवशी सकाळी दोघी शेजारणी हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. पडवीत सुपारी सोलणारी बाई अडकित्ता घेऊन कामाला लागली होती. आणि माझी मुलगी देवाच्या चटईवर अनवाणी चालत होती. चालत कसली, टाचा रोवून सुपारी रगडत होती, डोळे मिटून, तोंडाने काही आवाज न करता. ती इतकी गप्प मी क्वचितच पाहिली होती. हे मला आज आठवतं. तेव्हा दिसल्या त्या फक्त शेजारणी, एकमेकींकडे बघणाऱ्या.

मी उठले आणि तिच्या मुस्काटात मारली.

खरं सांगायचं तर ती चपराक मी त्या दोघींना दाखवायला मारली, की आमच्या घरात मूल मोकाट सोडलेलं नाही. सासरे खाली वाकून विखुरलेली सुपारी गोळा करत राहिले. मुलगी रडली नाही. गालावर हात ठेवून आत गेली. मी शेजारणींना चहा केला.

त्या गेल्या आणि माझ्या लक्षात आलं, घर शांत आहे. आमच्या घरात शांतता असणं चांगलं नव्हे. मी हाक मारली. माजघर, न्हाणी, मागचं दार, सगळं बघितलं. पंपाच्या खोलीत बघितलं, कारण बटणं दाबायची तिला खोड होती. पाण्याच्या टाकीत डोकावले. समुद्राकडच्या पायवाटेवर धावत गेले, वाळूत ताजी पावलं दिसेनात. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते आणि मधे मधे थांबून कान देत होते, कारण ही पोर जिथे असेल तिथे आवाज असणार, याची मला खात्री होती. कामाला श्रीवर्धनला गेलेल्या नवऱ्याला फोन लावायला मोबाइल हातात घेतला आणि खाली ठेवला. काय सांगणार होते? मी मारलं आणि ती गेली?

मग विहीर आठवली.

त्या चक्रीवादळात माड पडून आमच्या विहिरीचा कठडा फुटला होता. अर्धा बांधून झाला, अर्धा राहिला तो राहिलाच. दरवर्षी पावसाळ्याआधी करू म्हणायचो. मी आगरात शिरले खरी, पण विहीर दिसायला लागल्यावर माझे पाय पुढे जाईनात. एका पोफळीला धरून उभी राहिले. मला बघायचं नव्हतं. सोलणारी बाई मागून आली, मला ओलांडून गेली आणि फुटक्या कठड्यापाशी पालथी पडून आत बघू लागली. किती वेळ बघत होती कोण जाणे. मी मनात म्हणत होते, मिळू दे, पुन्हा हात उचलणार नाही. आणि हेही कळत होतं, की हे मी याआधीही म्हटलं आहे.

"हिरीत न्हाय ती, वहिनी," बाई म्हणाली. "शेवाळ बगा. कुठं फुटलेलं न्हाय."

मी तिथेच खाली बसले. तेवढ्यात घराकडून सासऱ्यांची हाक आली. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्या वेळीही चढवला नाही.

"सूनबाई, इकडे या. ओरडू नका."

मागच्या पडवीच्या कोपऱ्यात वाळलेल्या सुपारीचा ढीग असतो, वर गोणपाट टाकलेलं. त्याच्यासमोरून मी तीनदा धावत गेले होते. सासऱ्यांनी गोणपाट उचलून धरलं होतं. आत माझी मुलगी स्वतःला गळ्यापर्यंत सुपारीत पुरून घेऊन पडली होती. डोळे उघडे, श्वास संथ. गालावर माझी बोटं उमटलेली. मी सगळ्या धोक्याच्या आणि आवाजाच्या जागा शोधल्या. ती कुठे गप्प पडून राहील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

हाका ऐकू आल्या नाहीत का, असं मी विचारलं. आल्या, म्हणाली, पण तू ओरडत होतीस.

सासरे गोणपाटाची घडी घालत म्हणाले, की देवाला यंदा या ढिगातली सुपारी नेऊ. तिचे पाय त्याच सुपारीत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, ते घडीकडेच बघत होते. मग ते बाहेर गेले.

मी तिच्याशेजारी बसले. जवळ घ्यायचं धाडस झालं नाही, जवळ घेतलेलं तिला कधी चालतं, कधी नाही. बऱ्याच वेळाने तिने एक हात बाहेर काढला, माझा उजवा हात धरून ढिगात खुपसला आणि त्यावर सुपारी लोटायला लागली. मनगट बुडालं, मग कोपर. हाताला गार, जड लागत होतं.

"आता हलव," ती म्हणाली.

मी हलवून बघितला. हलेना.

"आता नाही मारता येणार," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.

उन्हं ओट्यावरून उतरेपर्यंत मी हात काढला नाही.