विम्याच्या खिडकीतले स्वामी

देव आपलं ऐकतो का, असा प्रश्न मला कधी फारसा पडला नव्हता. सकाळी आंघोळ करून डाव्या तळहातावर इष्टलिंग घ्यायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा, डोळे मिटायचे आणि मग स्वयंपाकाला लागायचं, एवढंच मला ठाऊक. पण यंदा ह्यांना दवाखान्यात ठेवलं आणि पूजा करताना हातावर नुसता दगड असल्यासारखं वाटायला लागलं. मी बोलत होते, पलीकडून काही येत नव्हतं.

उचगावात आमचं भुसारीचं दुकान आहे. ह्यांचा आवाज असा, की गिऱ्हाईक रस्त्यापलीकडं असतानाच त्याला भाव कळावा. तो आवाज बसत गेला. चार पावलं चाललं तरी दम लागायला लागला. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप बदलावी लागेल आणि तेही लवकर. खर्च ऐकून मी खुर्चीतच बसून राहिले. दुकान विकूनसुद्धा भागलं नसतं. आधार एकच होता. हातकणंगल्याला दिलेल्या आमच्या पोरीनं आम्हा दोघांचा आरोग्य विमा उतरवला होता आणि हप्ता कधी चुकवला नव्हता. हे तिला म्हणायचे, आजारी पडायची वाट बघतीस काय. आता त्याच विम्यावर सगळी भिस्त.

आणि त्यातही ह्यांनीच खोडा घालून ठेवला. आमच्याकडचा माणूस एकाचे चार करून सांगतो, त्याशिवाय त्याला सांगितल्यासारखं वाटतच नाही. भरती करताना डॉक्टरांनी विचारलं, दम कधीपासून लागतो? हे म्हणाले, "जलमापासनं लागतोय की!" त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. झालं! कंपनीनं विचारलं, मग हे दुखणं विमा घ्यायच्या आधीचंच नव्हे काय? दवाखान्यात विम्याची एक खिडकी होती, तिच्यामागं चष्मा लावलेले एक शांत गृहस्थ बसायचे. ते रोज नवा कागद मागायचे. गावच्या डॉक्टरांचा दाखला द्या, जुन्या तपासण्या द्या. मी त्यांना नाही नाही ते बोलले. माणूस मेल्यावर मंजुरी देणार का, असंही तोंडातून गेलं. ते एवढंच म्हणायचे, अक्का, कागद आणा, लगेच पाठवतो. त्यांचं ते शांत बोलणं ऐकून माझं डोकं आणखी फिरायचं.

ह्यांच्या खाटेजवळ बसले की मला एकच ओढ लागायची. ह्यांनी एकदा माझ्यावर ओरडावं. चहा गार झाला म्हणून ओरडावं, किल्ली सापडत नाही म्हणून ओरडावं. ज्या आवाजानं संसारभर माझं डोकं उठवलं, तो कानावर पडावा म्हणून जीव तळमळत होता. हे मात्र डोळे मिटून पडलेले, आणि एक हात सदा छातीवरच्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर.

मंजुरी येईल या भरवशावर डॉक्टरांनी एका दुपारची वेळ धरून ठेवली. तयारीला सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, गळ्यातलं काढून ठेवा. त्यासरशी हे उठून बसले. आम्हा लिंगायतांत लिंग अंगावेगळं करत नाहीत. लिंग सुटलं तो माणूस गेला, असंच समजतात. दुसऱ्याच्या हातीही ते देत नाहीत. घ्यायचंच झालं तर जंगमानं घ्यावं, कारण दीक्षा देऊन तेच आमच्या गळ्यात लिंग बांधतात. हे म्हणाले, "ह्ये काढलं की मी मेलोच. घरला न्या मला." पोरगी पाया पडली, डॉक्टर समजावून गेले. आजची वेळ गेली तर पुढची लगेच मिळणार नाही आणि तेवढा धीर ह्या झडपेत नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. आमच्या जंगमांचा फोन लागेना. मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीकडं तोंड करून रडले. महादेवाला म्हटलं, हट्टी भक्त तुझा, आता तुझं तूच बघ. माझ्याच्यानं होत नाही.

तेवढ्यात खिडकीतले ते गृहस्थ जिना चढून वर आले. मंजुरी आल्याचं सांगायला ते स्वतः आले होते. मी म्हटलं, आता त्या मंजुरीचं लोणचं घालू काय? आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, शर्टाचं वरचं बटण काढलं. त्यांच्याही गळ्यात डबी होती.

"अक्का, मी स्वामी. जंगमाच्या घरातला हाय," ते म्हणाले.

हातपाय धुऊन ते खाटेजवळ आले. ह्यांनी त्यांना मठ विचारला, गुरूंचं नाव विचारलं, अगदी सोयरीक जुळवताना विचारावं तसं. मग त्यांनी ह्यांच्या कपाळाला भस्म लावलं, मंत्र म्हटला, आणि ह्यांनी आपण होऊन मान पुढं केली. लिंग स्वामींनी क्षणभर आपल्या तळहातावर धरलं आणि माझ्या डाव्या हातावर ठेवलं.

"आतलं डॉक्टर बघतील. भाईर तुमी बसा. हात तेवढा मिटू नका."

मी बसले. हाताला मुंग्या आल्या, खांदा भरून आला. पण दगड वाटत होता तो आता दगड वाटेना. मी काही मागितलं नाही, मागायचं सुचलंच नाही. लोक म्हणतात, कोल्हापुरात स्वामी काय कमी आहेत? आणि कागद पुरे झाले म्हणून मंजुरी आली. खरं आहे, मी वाद घालत नाही. ज्या खिडकीवर मी तोंड सोडलं, तिथूनच तो महादेव माझ्यासाठी जिना चढून आला, एवढं मला ठाऊक आहे. शरण जाणं म्हणजे देवापुढं डोकं टेकणं, असं मी समजत होते. जीवापाड जपलेलं माणसाच्या हाती सोपवणं त्याहून अवघड असतं.

पुढं ऑपरेशन पार पडून ह्यांच्या तोंडातली नळी काढल्यावर मला आत सोडलं. मी लिंग तळहातावर घेऊन गेले. घोगऱ्या, अगदी बारीक आवाजात ह्यांनी विचारलं, "कुणाकडं हुतं?" म्हटलं, माझ्याकडं. ह्यांनी हात पुढं केला. मला वाटलं, लिंग उचलून घेतील. पण ह्यांनी लिंगासकट माझाच हात धरला. चारचौघांत माझा हात ह्यांनी जन्मात कधी धरला नव्हता. सिस्टर बघत होत्या तरी सोडला नाही. मीही काढून घेतला नाही.