अक्कांचा आवाज कुठे ठेवला

मुलांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "मोठी आजी नुसती मान का हलवते? बोलत का नाही?" तुमच्या बाबाने विषय बदलला. मला तो बदलायचा नाही. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला, आता नुसती कुजबुज उरली आहे. जवळ कान नेला तर कळते, फोनवर कळत नाही. त्यांचा खरा आवाज तुम्हाला ऐकवता यावा म्हणून मी एक खटपट केली होती. तिच्यात माझा जो गोंधळ उडाला तो अजून पुरता मिटलेला नाही, पण लिहून ठेवते.

मोठी आजी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना अक्का म्हणते. किल्लारीजवळचं आपलं गाव भूकंपात पडलं, तेव्हा त्या लातूरला आमच्याकडे आल्या त्या कायमच्या. गाव पुढे दुसऱ्या जागी वसवलं, सरळ रस्ते आणि एकसारखी घरं. जुनी गल्ली उरली ती अक्कांच्या तोंडी. कोणाच्या भिंतीला लागून कोणाचं घर, कोणाच्या दारात लिंब, कोणाची म्हैस मारकी. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशननंतर आवाज राहीलच असं नाही. मी ठरवलं, ही गल्ली अक्कांच्या आवाजात रेकॉर्ड करायची.

कॉम्प्युटर तुमच्या बाबाचाच, जुना. मागच्या खेपेला त्याने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं होतं. वरच्या खोल्यांत कोचिंगच्या मुली राहतात. त्या सकाळच्या बॅचला गेल्या की घर शांत होई. तेवढ्या वेळात आम्ही दोघी माइक घेऊन बसत असू.

रेकॉर्डिंगचा प्रोग्राम सगळं आपल्याच एका फोल्डरमध्ये टाकत होता, आणि ते मला पटेना. नांदेडला माझ्या माहेरी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे. शिवाय भूकंपापासून आपल्या घरी दाराजवळ पत्र्याची पेटी असते. जे पुन्हा मिळणार नाही ते तिच्यात, म्हणजे उचललं की बाहेर पळता येतं. तेव्हा मला वाटलं, आवाजही थेट पेनड्राइव्हवर जावा आणि पेनड्राइव्ह पेटीत.

मी सेटिंगमध्ये शिरले. माझं सगळं आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेलं, शब्द सगळे वाचता येत होते, पण वाक्य कुठे निघालंय ते कळेना. नुसत्या तिरक्या रेघा आणि त्यांच्या मधे नावं. पेनड्राइव्ह समोर खोचलेला असूनही तो कोणत्या रेघेच्या आत आहे ते सापडेना.

"काय शोधायलीस गं, मास्तरीण?" अक्का म्हणाल्या. "सुई हरवली का?"

"तुमचा आवाज कुठे ठेवायचा ते ह्याला सांगतेय."

"त्यात काय सांगायचं? पेटीत ठेव म्हणावं. बाकी समदं तिथंच हाय."

शेवटी पेनड्राइव्हचं नाव सापडलं, ते निवडलं, आणि मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. मग आमचा नेमच झाला. मारुतीच्या देवळापासून सुरुवात करून अक्का डाव्या हाताची घरं सांगू लागल्या. मी सेव्ह केलं की त्या लगेच पेनड्राइव्ह उपसत, पदराला पुसत आणि पेटीत टाकत. माझ्या हातून उशीर झाला तर ओरडत, "झालं न्हाई का अजून? भूकंप काय सांगून येतो का?"

डावी बाजू संपली आणि त्यांचा घसा बसू लागला. उजव्या हाताची घरं त्या ठरल्या वेळी सांगत नसत, घसा जरा मोकळा वाटला की मधेच उठून सुरू होत. तेव्हा पेनड्राइव्ह पेटीतच राही. त्यांना थांबवायला नको म्हणून मी तशीच सेव्ह करत असे. प्रोग्रामने कधी तक्रार केली नाही. मीही विचारलं नाही.

ऑपरेशनसाठी नांदेडला जायच्या आदल्या दुपारी म्हटलं, एकदा ऐकून पाहू. पेनड्राइव्हवर डाव्या बाजूची सगळी नावं ओळीने होती, मीच दिलेली. एक उघडलं, आवाज नाही. दुसरं उघडलं, तेही मुकं. उजव्या बाजूचं तर नावही नव्हतं.

डॉक्टरांनी आता बोलायला बंदी केली होती, तरी अक्कांनी विचारलं, "काय झालं?"

"नावं आहेत अक्का, आवाज नाही."

"मंग आपल्या गावावानीच की," त्या म्हणाल्या. मग माइक जवळ ओढून, "लाव परत. सांगते." पण दुसऱ्या घराशी त्यांचा आवाज फाटला, आणि मीच माइक काढून घेतला.

तुमच्या बाबाला फोन केला. तो म्हणाला, "आई, सेव्ह झालं असं दिसतं, पण लिनक्स ते थोडा वेळ स्वतःजवळ ठेवतं, मग सावकाश पेनड्राइव्हवर नेतं. काढायच्या आधी त्याला सांगावं लागतं. तुम्ही त्याच्या हातातून घास काढून घेतलात."

"आणि उजवी बाजू?"

"पेनड्राइव्ह नसेल तर प्रोग्राम आपल्या पहिल्याच फोल्डरमध्ये टाकत असेल. तिथे बघ."

तिथे होती. ज्या जागेवर माझा विश्वास नव्हता, तिथे उजव्या हाताची सगळी घरं होती. पेटीत जपून ठेवलेलं तेवढंच गेलं. हे असं उलटं का व्हावं ते तुमच्या बाबाने दोनदा समजावलं. समजावत असतो तोवर मला कळतं, फोन ठेवला की पुन्हा कळेनासं होतं.

ती सेटिंग मी पुन्हा पहिल्यासारखी केली आहे. अक्का अजून तो पेनड्राइव्ह पेटीतून काढू देत नाहीत.

आपल्या जुन्या गल्लीतली मारुतीच्या देवळापासून विहिरीपर्यंतची उजव्या हाताची घरं अक्कांच्या आवाजात शिल्लक आहेत. मधे कोचिंगच्या मुलींच्या चपला जिन्यावर वाजतात. डाव्या हाताची घरं नाहीत.