आधी काय करत होतात?

सुप्रभाचा पाय बाकाखाली एकसारखा हलत होता. टोकियोच्या लॉ स्कूलमधला पहिला दिवस, आणि जो तो उठून आपण आधी काय करत होतो ते जपानीत सांगत होता. एकजण दातांचा डॉक्टर, एक नर्स, एकजण तर चक्क देवळातला भिक्षू. ती मात्र नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी पुण्याहून आलेली. ‘मी गृहिणी’ हे वाक्य तिने घराजवळच्या फुनाबोरी स्टेशनापासून ट्रेनभर घोकलं होतं आणि स्टेशनागणिक ते तिला जास्तच मिळमिळीत वाटत गेलं होतं.

शेजारचे पिकल्या केसांचे गृहस्थ उठले. “मी ओकुदा. घरं भाड्याने मिळवून देणारी एजन्सी चालवायचो. शेकडो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आणलं.”

सुप्रभाने चमकून पाहिलं. हेच ते! काउंटरमागे कमरेत वाकून, गोड हसून म्हणाले होते, “माफ करा, परदेशी लोकांना घर देता येणार नाही.” तेव्हा तिच्या कडेवर तापाने फणफणलेली लेक होती.

ओकुदा-सान बसले. तिचा पाय थांबला. घोकलेलं वाक्य गेलं खड्ड्यात! ती उठली आणि त्यांच्याकडे वळून रीतसर वाकली.

“मी सुप्रभा. यांनी ज्यांना दारातून परत पाठवलं, त्यांच्यातली.”