न वाचता आलेली नोंद

सोलापुरातल्या एका रक्तपेढीचं संगणकाचं काम मी बघत होते. मुख्य सर्व्हरवर होणारा प्रत्येक बदल एका लॉगमध्ये उतरायचा. करमाळ्याकडच्या आमच्या केंद्रातला संगणक तो लॉग वाचून आपल्याकडची प्रत तशीच करून घ्यायचा. तिथं इंटरनेट सारखं जायचं, म्हणून ही सोय.

एका दुपारी तिथल्या तंत्रज्ञ बाईंचा फोन आला. "मॅडम, सकाळपासनं यादी हाय तशीच हाय की. काहीच पुढं सरकंना."

पाहिलं तर लॉगमधली एक नोंद खराब झाली होती आणि तिथला संगणक तिच्यापाशीच अडला होता. मुख्य सर्व्हरवरची लॉगची फाइलच बिघडलेली, त्यामुळं पुन्हा मागवूनही तीच यायची. नोंद गाळून पुढं जायला एक कमांड पुरे होती. मी ती टाइपही केली, पण एंटर दाबवेना. त्या नोंदीत काय होतं?

"बाई, स्क्रीनवरच्या यादीवर विसंबू नका. मी सांगेपर्यंत एकही पिशवी देऊ नका."

"एक आत्ताच काढलीय. बाळंतिणीला लागणार हाय, नातेवाईक दारात उभे हायत."

"थांबवा त्यांना. पिशवीचा नंबर सांगा."

मुख्य सर्व्हरवरची यादी शाबूत होती; तिथं मी नंबर टाकला. पुढं लिहिलं होतं, 'वापरू नये'. पिशवी केंद्राकडं पाठवल्यानंतर इथल्या फेरतपासणीत शंका आली होती. संगणकावर कळेलच, म्हणून कुणी फोन केला नव्हता.

"ती देऊ नका," मी म्हणाले.

 पलीकडं फ्रीजचं दार लागल्याचा आवाज आला. "व्हय, ठेवली बाजूला. त्याच गटाची दुसरी हाय."

दुसरीचा नंबर तपासूनच मी होकार दिला. संध्याकाळपर्यंत तिथली जुनी प्रत पुसून पूर्ण नवी घेतली, एकेक पिशवी फोनवर ताडून पाहिली. बाळंतीण सुखरूप असल्याचं कळलं.

आमच्या प्रमुख डॉक्टरांना मी सगळं सांगितलं.

"आधी असं कधी झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"एकदा. तेव्हा मी नोंद गाळून पुढं गेले होते."

"काय होतं तिच्यात?"

"माहीत नाही, सर."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी नोंद गाळली होती त्या महिन्याची रजिस्टरं त्यांनी स्वतः कपाटातून काढली आणि ती नोंद शोधायला आम्ही दोघं पहिल्या पानापासून वाचायला बसलो.