गेटपासवरचं अळू

आख्ख्या इंदुरात पाहुण्याला मऊ शेव वाढणारं घर एकच आहे, आणि ते माझ्या साडूंचं आहे. हे मी रागाने सांगत नाही, मोजून सांगतो. अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या घरी मी सहा वर्षं दर रविवारी जातो आहे. दोन रविवार वगळता तिथे दाताखाली कुर्रकन आवाज झालेला नाही. पापडाची रुमालासारखी घडी होते. सात काड्या ओढाव्यात तेव्हा आठवी पेटते. बाहेर मे महिन्याच्या हवेने ओठ फुटत असतात आणि यांच्या बैठकीत चारी बाजूंना ओल्या गोणपाटाचे पडदे ठिबकत असतात. हे सगळं एका झाडासाठी. झाड मी फूटपट्टीने मोजलं आहे: उंची साडेचार सेंटिमीटर, सर्वांत मोठं पान अकरा मिलिमीटर.

साडूंनी एकोणतीस वर्षं मिलमध्ये हवा ओली ठेवण्याची नोकरी केली. सूतकताईच्या खात्यात हवा कोरडी पडली की धागा तुटतो. म्हणून तिथे पाण्याचे फवारे चालतात आणि हवेत ओल किती टक्के ते दर तासाला रजिस्टरात लिहावं लागतं. फवाऱ्यांच्या खोलीत एका केरळी इंजिनियरने आपल्या गावाकडच्या ओढ्यातून आणलेलं हे झाड उघड्या बरणीत ठेवलं होतं. कूळ अळूचं, पण जात इतकी दुर्मीळ की त्या ओढ्याबाहेर कुठे सापडत नाही म्हणे. इंजिनियर बदलून गेला, झाड साडूंकडे राहिलं. मग एक दिवस मिलला टाळं लागलं. लोक आपापले डबे आणि बसायच्या उशा घेऊन बाहेर पडले. साडूंनी मात्र रीतसर गेटपास करून घेतला: ‘झाड, लहान, नग एक. परत आणण्याच्या अटीवर.’

“भाऊ, मिल बंद पडली. परत कुणाला करणार?” मी विचारलं.

“बंद नाही रे भिया, नुसती थांबून खडी आहे. खडी आहे ती चालू पण होईल. तेव्हा मी काय तोंड दाखवू?”

तेव्हापासून घरात पाळ्या लागल्या. सकाळची साडूंची, दुपारची माझ्या मेहुणीची, म्हणजे ताईंची. हवेतली ओल मोजायचा मिलमधला थर्मामीटर, मिलमधलंच उरलेलं रजिस्टर, आणि नियम एकच: पासष्ट टक्क्यांखाली जायचं नाही. ताई एकदा शेजारी हळदीकुंकवाला रमल्या, तर त्यांच्या नावापुढे ‘लेट’ असा शेरा पडला.

“नवरा आहे की टाइमकीपर?” ताई मला म्हणाल्या. “आणि त्या झाडाच्या अळूवड्या करायच्या तर सुईनेच गुंडाळाव्या लागतील!”

पहिला कुरकुरीत रविवार त्यांच्या मुलामुळे आला. देशात बाहेरच्या कंपन्या आल्या, त्यातल्या एकीत इंदूरजवळच पीथमपूरला तो लागला आणि त्याने बैठकीत एसी बसवला. गल्ली बघायला लोटली. शेव अशी वाजली की मी दोन बश्या खाल्ल्या. साडू मात्र झाडाच्या बरणीपाशी उभे. पानांच्या कडा वळल्या होत्या.

“अडतीस टक्के!” ते म्हणाले. “धागा तुटेल.”

झाड मरेल असं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. झाड तीन दिवस न्हाणीघरात राहिलं, माणसं शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेली, आणि चौथ्या दिवशी एसी मुलाच्या खोलीत गेला.

दुसऱ्या रविवारची गोष्ट यंदाच्या मे महिन्यातली. मिलची यंत्रं भंगारात निघाली असं एका मंगळवारी सकाळी कळलं. साडू बरणी मांडीत धरून माझ्या स्कूटरवर मागे बसले, गेटपास खिशात. फाटकावर नवाच चौकीदार होता.

“चाचा, लेने वाला कोई नहीं है. छत भी उतर गई.”

“फव्वारे वाला कमरा?”

त्याने भंगार भरलेल्या ट्रककडे बोट दाखवलं. साडूंनी गेटपास उलटा करून त्याच्यापुढे धरला. “तो लिख दो, नहीं लिया.” त्याने बिचाऱ्याने लिहिलं आणि सहीसुद्धा केली.

पुढच्या रविवारी गेलो. ताईंनी बशी ठेवली. पहिल्याच घासाला कुर्रकन आवाज झाला आणि मी बशी खाली ठेवून वर पाहिलं. पडदे कोरडे होते. रजिस्टरात मंगळवारी सकाळी नऊपासून एकही आकडा नव्हता. बरणीतली तीन पानं पिवळी, दोन अजून हिरवी. साडू पेपर वाचत होते. पेपर परवाचा होता.

मी थर्मामीटर पाहिला. “भाऊ, सव्वीस टक्के,” मी म्हणालो. “धागा तुटेल.”

त्यांनी पेपराची घडी घातली. मग चष्मा काढून ठेवला, मोरीत गेले आणि बादलीत पाण्याची धार पडल्याचा आवाज आला. “दुपारची पाळी कुणाची होती?” ते आतूनच ओरडले.

रविवार दुपारची पाळी आता माझी आहे. दोन पानांची चार झाली आहेत. सर्वांत नवं सहा मिलिमीटरचं आहे. शेव पुन्हा मऊ मिळते. मी ती मागून घेतो.